साहेबांनी विचारलं म्हणून

तुळसानं मोटर बंद केली तरी ज्ञानदेव सरीतल्या पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दोन्ही पावलं गाळात रुतलेली आणि चेहरा असा, की उसाला पाणी बसतंय का हे बघण्याइतकं महत्त्वाचं काम सबंध निरवांगीत दुसरं नाही.

"आवो, पानी कवाच भरलं. आता हुबं राहून काय ऊस वर वडताय का?"

"बांध फुटल्यासारका वाटला. बघतोय."

"कुठं फुटलाय? मला दावा बरं."

बांध कुठंही फुटला नव्हता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. दोन्ही पायांची मिळून निम्मी बोटं सियाचिनच्या बर्फानं खाल्ली, त्याला आता तीस वर्षं होत आली. गेलेल्या बोटांबद्दल ज्ञानदेवची कधी तक्रार नव्हती. उच्छाद मांडला होता तो राहिलेल्यांनी. तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखी आग व्हायची आणि दिवसदिवस थांबायची नाही. गार पाण्यात उभं राहिलं की घटकाभर उतार पडे. म्हणून हवालदाराच्या उसाला गरजेपेक्षा दुप्पट पाणी मिळायचं. हवालदाराचा ऊस नुसता पितोय, उतारा काही देत नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे. ज्ञानदेव हसून सोडून द्यायचा.

खिशातला फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघताच त्याची पाठ ताठ झाली. फोन सांगवीच्या सुभेदार मानसिंगांचा होता. ते माजी सैनिक संघटनेचे सेक्रेटरी. दोघांनाही नोकरीतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण सुभेदार तो सुभेदार.

"जी, साब," ज्ञानदेव पाण्यातच टाचा जुळवून म्हणाला. "येकदम बरं हाय, साब. व्हय, पायबी ओके… रैवारी? मी बोलू? जी, साब. हुकूम."

फोन खिशात गेला तेव्हा तुळसा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पान्यात हुबं राहून पाय ओके म्हनून सांगताय. त्या पान्याला तरी जरा लाजा."

"आता सुभेदारांनी इचारलं, तर काय रडगानं गात बसू?"

"आन रैवारी काय बोलायचंय?"

ज्ञानदेवनं उत्तर द्यायच्या आधी पायावरचा चिखल बराच वेळ धुतला. बारामतीच्या एका मंगल कार्यालयात संघटनेचा मेळावा होता. कर्नलसाहेबांच्या बाटलीवरून गावोगाव वाद पेटला होता, तो एकदाचा मिटवायचा होता. ज्ञानदेवनं स्टेजवर उभं राहून दोन शब्द सांगायचे, की मला फरक पडला. मग टाळ्या, मग ठराव, आणि लगेच शेजारच्या खोलीत नव्या लोकांना बाटली लावायची. पहिला नंबर ज्ञानदेवचा दोस्त, वरकुट्याच्या आप्पाचा.

"आप्पाचा?" तुळसाचा आवाज चढला. "त्यांच्या काळजात स्प्रिंग बसवलीया, आन त्यांना बाटली?"

ज्ञानदेव पायजम्याच्या घड्या खाली सोडत राहिला.

ही बाटली म्हणजे भुलीचं औषध. ऑपरेशनच्या वेळी देतात तेच, पण थोड्या मात्रेत, सलाइनमधून हळूहळू. परदेशात जुन्या सैनिकांना देतात म्हणे. नसांची आग विझते, डोक्यातली लढाई शांत होते, असं कर्नल राजवर्धन यांनी कुठंतरी वाचलं, कुणाकुणाशी बोलले, आणि निवृत्तीनंतरचा सगळा जीव त्यात ओतून बारामतीत एक केंद्र काढलं. पुण्याचे एक भूलतज्ज्ञ रविवारी येत. पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत आधी आपल्याच हाताला सुई लावून घेतली. जवानाला जिथं पाठवायचं तिथं आधी स्वतः जायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. बाटली संपल्यावर उठून बसले आणि म्हणाले, "चला, आता तुमची पाळी." त्यानंतर मागं कोण राहणार?

आणि दर रविवारी बाटली संपली की साहेब स्वतः खाटेपाशी येत, खांद्यावर हात ठेवत. "कसं वाटतंय, ज्ञानदेव?"

"सब ठीक, साहेब!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. डाळ पातळ असो, बूट चावत असो, घरून वाईट तार आलेली असो, साहेब विचारतात आणि जवान सांगतो, सब ठीक. खाटांच्या रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच उत्तर जायचं. साहेबांचा चेहरा फुलायचा. त्यांचा फुललेला चेहरा बघून ह्या लोकांना खरोखरच थोडं बरं वाटायचं, हेही खोटं नाही.

मागच्या खेपेला मात्र घरी येताना ज्ञानदेव एस्टीतून मध्येच भवानीनगरला उतरला आणि आपलं गाव कुठलं तेच त्याला आठवेना. रसवंतीवाल्यानं त्याच्या फोनवरून घरी कळवलं. तुळसा दिराला घेऊन गेली, तेव्हा नवरा उसाच्या चिपाडाच्या ढिगापाशी मुकाट बसला होता. "आलीस व्हय?" एवढंच म्हणाला. 

गुरुवारी तिनं त्याला ओढतच बारामतीला माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर रश्मी म्हणजे ज्ञानदेवची सख्खी भाची. जयंतीच्या मिरवणुकीत ह्याच्याच खांद्यावर बसून ती सगळं वरकुटे फिरलेली. घरी ती रश्मे होती. पण दवाखान्यात टेबलामागं बसली की ज्ञानदेवच्या लेखी तीही साहेबच.

"जयभीम, मॅडम."

"मामा, मॅडम काय? बसा आधी."

"हुबा हाय तेच बरं."

"पाय कसे आहेत?"

"येकदम ओके, मॅडम."

तुळसानं कपाळाला हात लावला. रश्मीनं खाली वाकून मामाची पावलं हातात घेतली. कातडी पाण्यानं पांढरीफटक, सुरकुतलेली.  रक्तदाब बघायला म्हणून त्याला बाहेर नर्सकडं पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"मामी, तू सांग."

तुळसानं सांगितलं. भवानीनगरचंही सांगितलं. सांगता सांगता रडू आलं तशी तिला स्वतःचाच राग आला.

"तू डाक्टर हायस. तू जाऊन सांग की त्या कर्नलला, का ह्येंला काय गुन आला न्हाय."

"मी कसं सांगू? पेशंटचं बोलणं मला बाहेर सांगता येत नाही. आणि मामांनी मला तरी कुठं सांगितलंय? मलाही एकदम ओकेच." रश्मी खिन्न हसली. "औषध वाईटच आहे असं मी म्हणत नाही, मामी. काहींना लागूही पडत असेल. पण कुणाला पडतं, किती द्यायचं, कुणाला झेपत नाही, ह्याचा भरवशाचा पुरावा अजून नाही. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याची चाचणी चालू आहे. निम्म्या लोकांना औषध देतात, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाच्या बाटलीत काय आहे ते विचारणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसतं."

"मंजी मिठाचं पानी लावून मानसाला फसवायचं?"

"फसवायचं नाही. आधीच सांगतात, की तुमच्या वाट्याला काहीही येईल, कबूल असेल तर या. मी संघटनेच्या ग्रुपवर हेच लिहिलं, तर मानसिंगकाका म्हणाले, आम्ही काय उंदीर आहोत? कालची पोरगी आम्हाला पुरावा मागते, म्हणाले. कर्नलसाहेब मात्र भले माणूस. रविवारी या आणि तुमचंही म्हणणं मांडा, असा त्यांनी मला स्वतः फोन केला."

"आन आप्पा? त्यांच्या काळजाला झेपंल ते?"

"ह्या औषधानं रक्तदाब चढतो. तिथले डॉक्टर आधी विचारतील, काही आजार आहे का."

"इचारूंद्यात की. आप्पा सांगनार, काय न्हाय साहेब, सगळं ठीक हाय."

 बाहेर नर्सनं ज्ञानदेवला बरं वाटतंय का म्हणून विचारलं असावं, कारण त्याचा खणखणीत आवाज दारातून आत आला, "फस्क्लास!"

परतीच्या एस्टीत तुळसा खिडकीकडं तोंड करून बसली.  लासुर्णं आल्यावर एकदम म्हणाली, "निदान आप्पाला तरी सांगा."

"आप्पाच्या पोटात काय ऱ्हातंय का? सांजच्याला साहेबांपत्तूर जाईल."

"जाऊंदे की मंग! काय फाशी देनार हायत?"

ज्ञानदेवनं आजूबाजूला बघितलं. पुढच्या सीटवर एक पोर झोपलं होतं. त्यानं आवाज खाली आणला.

"सियाचिनला वादळात अडाकलो व्हतो तवा साहेबांनी माजं पाय सोताच्या कपड्याच्या आत, उगड्या पोटाला लावून धरलं व्हतं. सगळी रात. बरफाचं दगाड झालेलं पाय. सोता कुडकुडत व्हते, दात वाजत व्हते, पन सोडलं न्हाईत. न्हायतर घोट्यापास्नं गेलं असतं. त्याच पायांनी त्यांच्याफुडं हुबं राहून कसं म्हनू, का अजून जळत्यात म्हनून?"

ही गोष्ट तुळसानं ह्यापूर्वी दहा वेळा ऐकली होती. पण तिचा शेवट असा आहे, हे तिला आज कळलं. तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि निरवांगी येईपर्यंत काढला नाही.

रविवारी कार्यालय गच्च भरलं. बारामती, इंदापूर दोन्ही तालुक्यांतले फौजी, कडक इस्त्रीचे पांढरे सदरे, छातीवर पदकं, मागच्या रांगांत बायका. शेजारच्या खोलीत खाटा मांडून तयार होत्या. भूलतज्ज्ञ डॉक्टर तिथंच काहीतरी मांडामांड करत होते. रश्मी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तुळसा सरळ जाऊन त्यातल्या एकीवर बसली.

सुभेदार मानसिंगांनी प्रास्ताविक केलं. देशासाठी ज्यांनी हाडं झिजवली त्यांच्या दुखण्यावर एक साहेब औषध आणतो आणि कुणी शिकलेसवरलेले लोक त्यात खोडा घालतात, ह्याची चीड त्यांच्या आवाजात होती. ती चीड खोटी नव्हती. त्यांचा स्वतःचा भाऊ लढाईवरून आला तो गप्प झाला आणि गप्पच मेला, हे सगळ्यांना माहीत होतं. "पुरावा मागत्यात," मानसिंग म्हणाले. "हा बघा चालताबोलता पुरावा. हवालदार ज्ञानदेव!"

ज्ञानदेव स्टेजवर गेला. समोर कर्नलसाहेब पहिल्या रांगेत बसले होते, कान टवकारून, ओठांवर हसू घेऊन. तुळसानं पदराचं टोक मुठीत धरलं.

"कसं वाटतंय सांग, ज्ञानदेव," साहेब म्हणाले.

ज्ञानदेवच्या टाचा जुळल्या. "सब ठीक, साहेब!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळसानं डोळे मिटले. रश्मीनं तिचा हात हातात घेतला.

ज्ञानदेव पायऱ्या उतरून खाली आला तेव्हा त्याचे कान तापले होते. कुणीतरी पाठ थोपटली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आप्पा उठला. बुटका, गोल, कायम हसतमुख गडी. सैन्यात ड्रायव्हर होता. खांद्यात छर्रे राहिलेले, ते रात्रंदिवस ठणकायचे.

"चला रं," आप्पा शर्टाची बाही वर सारत म्हणाला. "ज्ञानदेव म्हनतोय मंजी झालं. त्यो काय लबाड बोलनारा गडी न्हाय."

आणि तो खाटांच्या खोलीकडं निघाला. वाटेत ज्ञानदेवपाशी येऊन त्यानं डोळा मारला. ज्ञानदेव बाजूला सरकला नाही.

"वाट दे की लेका."

"आप्पा, तू जाऊ नगं."

"का रं?"

"मी आत्ता लबाड बोललो."

माइक लांब होता. तरी पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं, आणि बाकीच्यांना त्यांच्या शांततेवरून कळलं. मानसिंग स्टेजवरून गरजले, "हवालदार! काय चाललंय तिथं?"

 एरवी एवढ्या आवाजावर त्याची बोलती बंद झाली असती. पण आप्पा अजून समोरच होता, बाही वर केलेला गोरापान हात तसाच पुढं धरून, आणि हसू की नको अशा चेहऱ्यानं बघत होता.

"बोलू दे त्याला," कर्नलसाहेब म्हणाले आणि खुर्चीवरून उठून त्याच्यापाशी आले.

"साहेब, आग तशीच हाय." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "पयल्या बाटलीपास्नं तशीच. वरनं दोन दोन दीस डोकं ठिकानावर नसतंय. मागल्या खेपंला भवानीनगरात उतरलो, माजं गाव मलाच आठवंना. आन ह्या आप्पाच्या काळजात स्प्रिंग हाय, साहेब. त्यो कुनाला सांगनार न्हाय. मला म्हाईत हाय त्यो सांगनार न्हाय."

आप्पानं बाही खाली केली.

"पण मी दर वेळी खाटेपाशी येऊन विचारत होतो," साहेब हळू म्हणाले. "तुला, प्रत्येकाला. आणि तू…"

"तुमी इचारलं, साहेब."

साहेबांना ते लगेच कळलं नाही. ज्ञानदेवनं मान खाली घातली. "तुमी इचारल्याव दुसरं काय सांगनार? तुमी माजं पाय पोटाशी धरून रात काडली. ही बाटलीबी आदी सोताला लावून घितली. तुमाला बरं वाटलं. तितं आमी कोन न्हाय म्हननार?"

 कर्नलसाहेबांनी एकदा खाटांच्या खोलीकडं बघितलं. मग रांगांकडं बघितलं. जिथं जिथं त्यांची नजर गेली तिथं तिथं माणसं पायाखालची फरशी निरखू लागली. मानसिंग स्टेजवर माइक धरून तसेच उभे होते.

मागून एक थरथरता आवाज आला. गेणबा, सगळ्यांत म्हातारा. "साहेब, मला मातुर खरंच बरं वाटतंय. शपत सांगतो. झोप लागती. आता ह्या ज्ञानदेवापायी माजंबी खोटंच धरनार का काय?"

हसू फुटलं, थोडं दबकतच. रश्मी उभी राहिली.

"नाही, तात्या. तुमचं खरं असेलही. मला तर ते खरंच निघावंसं वाटतं. पण कुणाचं खरं आणि कुणाचं साहेबांसाठी, हे आज मला कळत नाही. इथं कुणालाच कळत नाही."



कर्नलसाहेबांनी ज्ञानदेवच्या खांद्यावर हात ठेवला. मग वळून म्हणाले, "आज बाटली कुणालाच लागणार नाही. डॉक्टर रश्मी, तुमचं ते पुण्याच्या चाचणीचं सगळ्यांना नीट समजावून सांगा. मी बाहेर थांबतो."

"साहेब, तुम्ही कशाला बाहेर?" मानसिंग धावत खाली आले.

"मी असलो की तुम्ही सगळे ठीक असता, मानसिंग."

ते दाराबाहेर गेले. दार आपोआप लागलं.  तुळसानं ग्लासभर पाणी घेतलं आणि त्यांच्या मागं निघाली. कर्नल असला म्हणून काय झालं, माणूस दुखावला की त्याला पाणी विचारतात.

साहेब कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. पाणी ते एका दमात प्यायले.

"त्येंच्याव राग धरू नगा, साहेब. लई जीव हाय त्येंचा तुमच्याव."

"राग कसला, ताई. त्यानं आज जे केलं ते तिकडच्या वादळापेक्षा अवघड होतं. मला माहीत आहे." त्यांनी ग्लास हातात फिरवला. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा, गाणी लावलेला. तो लांब जाईपर्यंत ते थांबले. "एक सांगू? मी पहिल्यांदा बाटली घेतली त्या दिवशी मला काहीही फरक वाटला नव्हता. थोडी चक्कर आली, बस्स. म्हटलं, आपलं वय झालंय, आपल्याला उशिरा लागू पडेल. मग ह्या सगळ्यांना विचारलं. एकजात सगळे म्हणाले, ठीक. मला वाटलं, एवढ्या जवानांना गुण येतोय, तर खोट माझ्यातच असणार."

तुळसा उभी होती ती खालच्या पायरीवर बसली.

"तुमच्याबी पायांला हाय का ते?"

"त्याच रात्रीचं आहे. माझी बोटं वाचली एवढंच."

"आन तुमी आजून बाटली घेताय?"

"दर रविवारी. सगळ्यांच्या आधी."

"आन आग?"

साहेबांनी आपल्या चकचकीत बुटांकडं बघितलं. "आहे," ते म्हणाले. मग जरा वेळानं, कुठल्या तरी लहानपणच्या गावाकडच्या सुरात, "लई हाय, ताई."

तुळसाला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. तिनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस हे लोक एकमेकांना सांभाळत होते, आणि जळत होते सगळेच.

"मंग हे आत जाऊन सांगा की, साहेब! हितं माज्याजवळ सांगून काय उपेग?"

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दारापर्यंत गेले. आतून गलका ऐकू येत होता. सगळे एकदम बोलत होते. कुणी कंबरेचं सांगत होता, कुणी हात थरथरतो म्हणत होता, कुणाची बायको मधूनच "खोटं सांगू नका, काल काय झालं ते सांगा डॉक्टरणीला" म्हणून ओरडत होती. नुसत्या मिठाच्या पाण्याची बाटली आपल्या वाट्याला आली तर चालेल का, ह्यावर गेणबा आणि आप्पा हमरीतुमरीवर आले होते. त्या सगळ्यात रश्मीचा आवाज येत होता, "एकेक बोला, एकेक!"

साहेबांचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"ताई, तुम्ही आधी जाता का आत?"

"मी? कशापायी?"

"मी दिसलो की सगळे ताडकन उभे राहतील आणि गप्प होतील. तुम्ही आधी जाऊन सांगा, कुणी उठायचं नाही. चालू आहे तसंच चालू द्यायचं."

तुळसानं पदर खोचला. "साहेबांचा हुकूम हाय म्हनून सांगू?"

कर्नलसाहेबांनी कडीवरचा हात काढला.

"नको," ते म्हणाले. "विनंती आहे म्हणा."

तुळसानं दार ढकललं.